खानेसुमारीचे गुपित आणि अभ्यासकाचा हक्क

१९४८ च्या जनगणना अधिनियमात दोन कलमे अशी आहेत की, त्यांचा एकत्र विचार केल्यावाचून शासन आणि नागरिक यांच्यामधील एका महत्त्वाच्या कराराचे स्वरूप ध्यानात येत नाही. आठव्या कलमान्वये प्रगणकाच्या प्रश्नांना आपल्या समजुतीप्रमाणे खरे उत्तर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पंधराव्या कलमान्वये ते उत्तर ज्या वहीत नोंदले गेले ती पाहण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि खुद्द त्या अधिनियमाखालील खटला सोडला तर दिवाणी वा फौजदारी कोणत्याही दाव्यात ती नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही. ज्या आठव्या कलमाने बोलण्याची सक्ती केली, त्याच कलमाने घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती कोणावरही होऊ नये, आणि ज्याचे नाव घेणे रूढीला संमत नाही अशा पतीचे नाव सांगण्याची सक्ती स्त्रीवर होऊ नये, अशीही तरतूद केली आहे. ज्या विधिमंडळाने घराघरांतील संकोचाचा इतक्या बारकाईने विचार केला, त्याच्या मनात सक्ती आणि गोपनीयता या दोन गोष्टी एकमेकींच्या किमतीदाखल होत्या हे उघड आहे.

शासनाने प्रजेची मोजदाद करणे ही काही आधुनिक कल्पना नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील गोप नावाचा अधिकारी पाच-दहा गावांतील माणसे, त्यांचे वर्ण, व्यवसाय, आय आणि व्यय यांची नोंद ठेवीत असे, आणि ती नोंद पडताळून पाहण्यासाठी गृहस्थाच्या वेषातील हेर फिरत असत. ती गणना समाहर्त्याच्या, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होत असल्यामुळे उत्तर देणारा आणि उत्तर घेणारा यांचे हितसंबंध परस्परविरोधी होते. आधुनिक सांख्यिकीने जी नवी गोष्ट केली ती हीच की, तिने मोजणाऱ्याला कर घेणाऱ्यापासून, पोलिसापासून आणि न्यायालयापासूनसुद्धा अलग केले, आणि तुझे उत्तर तुझ्याविरुद्ध कधीही वापरले जाणार नाही असे अभिवचन नागरिकाला दिले. हे अभिवचन ढळले की उत्तरे खोटी येऊ लागतात, आणि खोट्या उत्तरांवर उभारलेले नियोजन कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी त्याचा पाया वाळूचाच राहतो.

या लेखात मला जे प्रतिपादन करावयाचे आहे ते असे की, ही गोपनीयता उत्तर देणाऱ्याची आहे, उत्तर जपून ठेवणाऱ्या कचेरीची नव्हे. हा भेद एकदा मान्य केला की त्यातून दोन निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतात. शासनाने ही माहिती आपल्या दुसऱ्या खात्याच्या हाती देऊन उत्तर देणाऱ्याचे अहित करणे हा विश्वासघात ठरतो, हा पहिला. आणि ज्या सार्वजनिक ज्ञानासाठी नागरिकाकडून ती माहिती सक्तीने घेतली, त्या ज्ञानाच्या मार्गात त्याच गोपनीयतेची भिंत उभी करणे हाही विश्वासघातच ठरतो, हा दुसरा. पहिला निष्कर्ष तत्त्वतः सर्वांना मान्य असतो. दुसऱ्याकडे आपल्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही.

पहिल्या विश्वासघाताची साक्ष इतिहासाने फार कठोर शब्दांत दिलेली आहे. अमेरिकेत १९४२ च्या मार्चमध्ये संमत झालेल्या युद्धविषयक कायद्याने जनगणनेच्या गोपनीयतेचे संरक्षण काढून घेतले, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांची वस्ती नेमकी कोठे किती आहे याचे लहान लहान क्षेत्रांचे तक्ते जनगणना कार्यालयाने लष्करास पुरविले. एक लाखाहून अधिक माणसे, ज्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होती, घरांतून काढून छावण्यांत डांबली गेली. १९४३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधील अशा रहिवाशांची नावे आणि पत्तेसुद्धा अर्थखात्याला दिले गेले होते, ही गोष्ट विल्यम सेल्ट्झर आणि मार्गो अँडरसन या अभ्यासकांनी २००७ मध्ये कागदपत्रांनिशी सिद्ध केली. येथे दोन गोष्टी मनात साठवून ठेवण्याजोग्या आहेत. किनाऱ्यावरची हानी नावांनी झाली नाही, तक्त्यांनी झाली. आणि गुपित फोडणारा शासनाचाच एक विभाग होता, तर त्या कृत्याचा छडा लावणारे बाहेरचे संशोधक होते. जर्मनीतील घटना न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी जनगणनेविषयी जो प्रसिद्ध निर्णय दिला, त्यात गणनेच्या उत्तरांवरून नगरपालिकांच्या रहिवासी नोंदी दुरुस्त करून घेण्याची तरतूद रद्द ठरविली गेली ती याच जाणिवेतून. सांख्यिकी आणि कारभार यांच्यामध्ये उंबरठा असला पाहिजे, आणि तो कारभाराने ओलांडता कामा नये, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते.

मग संशोधकाकडून काहीच धोका नाही का? आहे, आणि तो क्षुल्लक नाही. नाव आणि पत्ता खोडला म्हणजे माणूस अनामिक झाला, ही समजूत आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधनासाठी खुल्या केल्या, तेव्हा लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली, आणि जन्मतारीख, टपालक्रमांक व लिंग एवढ्या तीनच गोष्टी जुळवून राज्याच्या खुद्द गव्हर्नरांच्या नोंदी शोधून काढल्या. आपल्याकडचे उदाहरण घ्यावयाचे तर ज्या तालुक्यात एकच साखर कारखाना आहे, त्या तालुक्याच्या साखर उद्योगाचा तक्ता म्हणजे त्या कारखान्याचा ताळेबंदच होय. आणि जेथे दोन कारखाने आहेत तेथे बेरजेतून आपला आकडा वजा केला की प्रत्येकाला प्रतिस्पर्ध्याचे उत्पादन, मजुरी आणि कर्ज बिनचूक कळते. याहून सूक्ष्म प्रकार वजाबाकीचा आहे: संपूर्ण जिल्ह्याचा तक्ता एका अभ्यासकाने छापला आणि एक गाव वगळून उरलेल्या जिल्ह्याचा तक्ता दुसऱ्याने छापला, तर दोघांपैकी कोणीही काही गैर केलेले नसताना त्या गावाचे गुपित उघडे पडते.

या धोक्यावर कचेऱ्या सामान्यतः एक सोपा उपाय योजतात. माहितीतून गाव काढावे, मग तालुका, मग जिल्हा; वयाऐवजी वयोगट द्यावा, उत्पन्नाच्या वरच्या टोकाला मर्यादा घालावी, आणि जे उरेल ते सर्वांसाठी खुले करावे. हा मार्ग निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कुटुंबवार नोंदी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संशोधकांना मिळू लागल्या, आणि आज त्या विनामूल्य उपलब्ध आहेत, ही भारतीय सांख्यिकीच्या उदारतेची खूण आहे. त्या उदारतेचे मोलही आपण पाहिले आहे. त्या पाहणीच्या १९९९-२००० मधील ५५ व्या फेरीत अन्नावरील खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा एकाच तक्त्यात शेजारी शेजारी विचारला गेला. त्यावरून दारिद्र्याचे प्रमाण १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर उतरल्याचे जाहीर झाले. अँगस डीटन, अभिजित सेन आणि इतर अर्थशास्त्रज्ञांना मूळ नोंदी हाताळता आल्या म्हणूनच, घट म्हणून जे दिसत होते त्याचा काही भाग प्रश्न विचारण्याची पद्धत बदलल्यामुळे होता, हे दाखविता आले. सरकारी आकड्याची ही तपासणी सरकारी नोंदींच्याच आधारे झाली, आणि तीमुळे सरकारची प्रतिष्ठा कमी झाली असे मला वाटत नाही.

तथापि खुल्या नोंदींना मर्यादा आहेत, आणि जेथे प्रश्न खोल जातो तेथे त्या मर्यादा बोचू लागतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध अभ्यास सादर केला, तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या छापील तक्त्यांवर आधारलेला होता. २२५० उष्मांकांना पुरेल असा खर्च, ग्रामीण भागात १९६०-६१ च्या भावांनी दरडोई दरमहा १५ रुपये आणि नागरी भागात २२ रुपये ५० पैसे, ही त्यांची रेषा. पुढे मूळचे सातारा जिल्ह्यातील, जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला की, एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक वरखाली होत असते, म्हणून सरासरी गरजेखाली गेलेला प्रत्येकजण कुपोषित मानणे शास्त्रशुद्ध नाही. दांडेकर आणि सुखात्मे यांच्यातील हा वाद मराठी बुद्धिमत्तेच्या इतिहासातील एक उंच क्षण आहे असे मी मानतो. परंतु त्याचा निर्णय खर्चगटांच्या सरासरीवरून लागण्याजोगा नव्हता. कोणत्या घरी, कोणत्या दिवशी, किती माणसांत किती अन्न वाटले गेले, ते घर कोणत्या गावी आहे, त्या गावी पाऊस कसा झाला, मजुरी काय होती आणि मुलांची वजने काय होती, हे सारे एकमेकांशी जोडून पाहता आले असते तर वादाला वेगळे वळण लागले असते. अशी जोडणी करावयाची तर गावाची खूण लागते, आणि गावाची खूण दिली की घर ओळखू येते. खुल्या नोंदीत ती मिळणे शक्य नाही, आणि मिळूही नये.

म्हणून काही देशांनी तिसरा मार्ग काढला. माहिती संशोधकाकडे पाठविण्याऐवजी त्यांनी संशोधकाला माहितीकडे बोलाविले. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००४ मध्ये या कामासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू केली. तिच्या उभारणीच्या काळात फेलिक्स रिची यांनी मांडलेली पाच प्रश्नांची चौकट आज जगभर वापरली जाते. काम सार्वजनिक हिताचे आहे काय? माणूस विश्वासार्ह व प्रशिक्षित आहे काय? नोंदींतून थेट ओळख पटविणाऱ्या खुणा काढल्या आहेत काय? काम जेथे होते ती जागा बंदिस्त आहे काय? आणि बाहेर जाणारा निष्कर्ष तपासला आहे काय? या पाचांतील कोणतेही एक उत्तर दुबळे असले तर इतर चार त्याची भरपाई करतात, हे या रचनेचे मर्म आहे. खोली भक्कम आणि माणूस पारखलेला असेल तर माहिती कमी बोथट करून चालते.

अशा ठिकाणी काम प्रत्यक्षात कसे चालते हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आपल्याकडे या विषयावर बोलताना एक तर सर्व खुले किंवा सर्व बंद, अशाच दोन टोकांची भाषा कानी पडते. संशोधक प्रथम अर्ज करतो, आणि आपला प्रश्न काय, त्याला कोणत्या नोंदी लागतात व का लागतात हे लिहून देतो. प्रकल्पाची छाननी होते, संशोधकाला प्रशिक्षण दिले जाते, त्याची परीक्षा होते आणि तो प्रतिज्ञापत्रावर सही करतो. मग ज्या संगणकावर तो बसतो त्याला बाहेरच्या जगाकडे जाणारी वाटच नसते. नोंदी दूरच्या यंत्रावर असतात, पडद्यावर त्या दिसतात, परंतु त्यांची नक्कल उतरविता येत नाही, छापता येत नाही, कोणाला पाठविता येत नाही. काम संपल्यावर तयार झालेले तक्ते आणि समीकरणे तो कार्यालयाच्या स्वाधीन करतो. तेथील जाणकार प्रत्येक रकान्यात किमान ठरावीक माणसे वा संस्था आहेत ना, एखादा बडा कारखाना बेरीज व्यापून बसला नाही ना, पूर्वी बाहेर गेलेल्या तक्त्यातून हा वजा केला तर काही उघड होते काय, हे पाहतात, आणि समाधान झाल्यावरच निष्कर्ष मोकळा करतात. फ्रान्समध्ये २०१० पासून चालू असलेल्या अशाच केंद्राने संशोधकाच्या संस्थेत बसवावयाचे सीलबंद उपकरण तयार केले, जे बोटाचा ठसा पटल्याशिवाय उघडत नाही. अमेरिकेत जनगणना कार्यालयाने विद्यापीठांतून काढलेल्या केंद्रांत प्रवेश करणाऱ्या संशोधकाला आजन्म बंधनकारक शपथ घ्यावी लागते, आणि ती मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा अडीच लाख डॉलरपर्यंत दंड सांगितला आहे. या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटची तपासणी. खोली कितीही बंदिस्त असली तरी ज्ञान हे बाहेर पडण्यासाठीच असते, आणि गुपित फुटण्याचा खरा संभव त्या दारातच असतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मी गंभीर मानतो. खोलीची किल्ली कोणाच्या हाती? ज्या खात्याने आकडे गोळा केले त्याच खात्याने कोणता संशोधक विश्वासार्ह हे ठरवावयाचे असेल, तर सोयीचे प्रश्न विचारणाऱ्यालाच आत घेतले जाईल ही भीती अनाठायी नाही. महाराष्ट्राने हा अनुभव एकदा घेतलेला आहे. पुण्यातील पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, इंग्रजी अमदानीत सरकारच्या ताब्यात होते, आणि इनामे व वतने यांच्या दाव्यांत ते कागद सरकारविरुद्ध वापरले जातील या धास्तीने मराठी इतिहाससंशोधकांना त्यांपासून दीर्घकाळ दूर ठेवण्यात आले. १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्यांतील निवडक कागदांचे खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाची किती अंगे केवळ परवानगीअभावी अंधारात राहिली होती हे कळून आले. परवानगी जेव्हा मेहेरबानी असते, तेव्हा तिचा नकार कारण न देता देता येतो, आणि त्या नकाराविरुद्ध दाद कोठे मागावी हे कोणीच सांगत नाही.

आजची आपली स्थिती यापेक्षा बरी आहे, पण फार बरी नाही. २००८ च्या सांख्यिकी संकलन अधिनियमाने नावे व पत्ते काढून टाकलेल्या वैयक्तिक नोंदी प्रामाणिक संशोधनासाठी विद्यापीठांना वा व्यक्तींना देण्याची मुभा शासनाला दिली आहे, आणि त्यांचा अन्य उपयोग करण्यास मनाई केली आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानेही संशोधनाला आणि सांख्यिकीला सूट देताना त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये, ही अचूक अट घातली. २०११ च्या जनगणनेतील नमुन्यादाखल निवडलेल्या नोंदी काही विद्यापीठांतील बंदिस्त संगणकांवर अभ्यासकांना पाहता याव्यात, अशीही व्यवस्था महानिबंधकांनी केली होती. बीजे आहेत, परंतु त्यांतून एक कायमची, स्वतंत्र आणि सर्वांना समान रीतीने लागू होणारी व्यवस्था उगवलेली नाही. अर्जावर किती दिवसांत निर्णय व्हावा, नकाराची कारणे लेखी द्यावीत की नाही, फेरविचार कोणी करावा, निष्कर्ष तपासणाऱ्याने केवळ गोपनीयता पाहावी की निष्कर्षाची दिशाही पाहावी, या प्रश्नांची उत्तरे संशोधकाला हक्काने मागता येत नाहीत.

याची किंमत आपण मोजली आहे. २०११ मध्येच जी सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना झाली ती जनगणना अधिनियमाखाली झालीच नाही; तीत सांगितलेली माहिती लाभार्थी ठरविण्यासाठी सरकारी खात्यांना खुली राहील असे आरंभापासून ठरलेले होते. म्हणजे उत्तर देणाऱ्याचे गुपित कारभारापुरते उघडे राहिले. परंतु त्याच गणनेतील जातींचे आकडे मात्र अभ्यासकाला मिळाले नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्थांतील आरक्षणासाठी महाराष्ट्र शासनाने ते मागितले, तेव्हा ४६ लाखांहून अधिक जातिनामे नोंदली गेल्यामुळे ती माहिती विश्वसनीय नाही, अशी भूमिका केंद्राने सर्वोच्च न्यायालयात घेतली आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राची याचिका फेटाळली गेली. माहिती सदोष असेलही. एकाच जातीची नावे दहा प्रकारे लिहिली गेली असतील, आडनाव, पोटजात आणि गोत्र यांची सरमिसळ झाली असेल. परंतु तो दोष किती आणि दूर होण्याजोगा आहे काय, हाच तर संख्याशास्त्रज्ञाचा, भाषाभ्यासकाचा आणि समाजशास्त्रज्ञाचा विषय होता. भक्कम खोलीत निवडक अभ्यासकांना बसविले असते तर एकाही कुटुंबाचे गुपित न फुटता त्याचा निर्णय लागला असता. तसेच नोव्हेंबर २०१९ मध्ये २०१७-१८ च्या उपभोग-खर्च पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेच्या कारणास्तव प्रसिद्ध न करण्याचे ठरविण्यात आले; ते कारण यथार्थ होते की नाही हे बाहेरच्या कोणालाही मूळ नोंदींवरून त्या वेळी पडताळता आले नाही. येथे उत्तर देणाऱ्याच्या गोपनीयतेचा प्रश्न नव्हता, आणि तरीही दार बंदच राहिले. प्रवेशाचा हक्क कायद्याने बांधलेला नसला की दार लावण्यास कोणतेही कारण पुरते.

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद या गणनेत व्हावयाची आहे, आणि ती कागदाऐवजी यंत्रावर होणार असल्यामुळे गावोगावच्या कोट्यवधी उत्तरांची जुळवाजुळव पूर्वी कधी नव्हती इतकी सुकर होणार आहे. ज्या गावात एखाद्या लहान जातीचे एकच घर आहे, त्या घराची जात, शिक्षण, धंदा आणि घरातील माणसे एका ओळीत येणार आहेत. या ओळीचे रक्षण करण्याची जबाबदारी जितकी मोठी, तितकीच तिच्यातून न्याय्य धोरण घडविण्याची जबाबदारीही मोठी आहे. म्हणून माझी विनंती अशी की, गणना सुरू होण्यापूर्वीच संसदेने कायदा करून या कामासाठी खात्याबाहेरचे एक वैधानिक मंडळ नेमावे, ज्यात संख्याशास्त्रज्ञ आणि विधिज्ञ यांच्याबरोबर ज्यांची माहिती घेतली जाते त्या वंचित समाजांचे प्रतिनिधीही असतील. बंदिस्त केंद्रे केवळ दिल्लीत न काढता पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर यांसारख्या ठिकाणच्या विद्यापीठांतूनही काढावीत, कारण मराठवाड्यातील किंवा गडचिरोलीतील प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला राजधानीत महिनोन्‌महिने राहणे परवडत नाही. अर्जाचा निकाल ठरावीक मुदतीत व्हावा, नकार सकारण असावा, आणि मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकल्पाचे नाव व हेतू जाहीर असावा. गुपित फोडणाऱ्या संशोधकास कारावास व्हावा, आणि सांख्यिकीची नोंद कारभारासाठी वा पोलिसांसाठी मागणाऱ्या अधिकाऱ्यासही तोच कारावास व्हावा.

हा कायदा गणनेच्या आधी झाला, तर प्रगणक दारात येईल तेव्हा त्याला उत्तर देणाऱ्या माणसाला आपले उत्तर कोठे राहील आणि ते कोण पाहू शकेल, हे खरेपणाने सांगता येईल. गणनेनंतर झाला, तर ज्या अटींवर माहिती दिली त्या नंतर बदलल्या अशी तक्रार करण्याचा त्याला पूर्ण अधिकार राहील.